आधी दिवे मोजा: वाईच्या घाटावर रात्रीचे फोटो

वाईला रात्रीचे फोटो काढायला जायचं, तर पहिला तास कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. दुपारी चार-साडेचारला पोचायचं, गणपती घाटापासून आळ्याआळ्यांतून हिंडायचं आणि फक्त खांब बघायचे. कुठल्या खांबावर पांढरा एलईडी आहे, कुठे जुना पिवळा सोडियम अजून तग धरून आहे, कुणाच्या ओसरीवर हॅलोजन टांगलाय, कुठला दिवा फ्रेमच्या कडेवरून थेट लेन्समध्ये घुसणार आहे. शहरात सगळीकडून सांडलेला उजेड सावल्या भरून काढतो. छोट्या गावात तो खांबाखालीच पडतो आणि दोन खांबांच्या मधे काळोख असतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8 ठेवलं, तर खांबाखाली जिथे 8 सेकंद पुरतात, तिथून पंधरा पावलांवर मिनिटभर लागतं. म्हणजे सरळ तीन स्टॉपचा फरक; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. तो कॅमेऱ्यात सोडवता येत नाही, उभं राहायची जागा बदलूनच सुटतो.

हिंडताना आणखी दोन गोष्टी टिपून ठेवायच्या. एक, केबलच्या आणि विजेच्या तारा. दिवसा डोळा त्या वगळतो, पण रात्री खांबावरचा दिवा त्यांना खालून उजळतो आणि शिखरासमोर पांढऱ्या रेघा उमटतात. दुसरी, वाढदिवसाचे फ्लेक्स. चौकात उजळलेला फ्लेक्स हा आजूबाजूच्या कुठल्याही दगडी भिंतीपेक्षा चार-पाच स्टॉप उजळ असतो. तो फ्रेममध्ये आला की फोटो भाऊंचाच होतो, देवळाचा राहत नाही.

साडेपाचला जागा धरायची. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. पुराचं पाणी दुभंगावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. फोटोच्या दृष्टीनं हीच भिंत सगळ्यात कामाची. सपाट भिंतीवर रस्त्यावरचा दिवा सपाटच पडतो. वळणाच्या भिंतीवर मात्र तो एका बाजूनं घासून जातो आणि दगडाचा सांधान् सांधा दिसतो. काळ्या बेसॉल्टवर समोरून कितीही उजेड मारला तरी डांबरच दिसणार. तिरपा उजेड पडला तरच दगड बोलतो.

ट्रायपॉड घाटाच्या पायऱ्यांवर लावताना एक पाय खालच्या पायरीकडे, म्हणजे उताराच्या बाजूला, आणि दोन वरच्या पायरीवर. शेवटची, सगळ्यात बारीक नळी शक्यतो उघडायची नाही. मधला दांडा तर अजिबात वर काढायचा नाही, कारण 20 सेकंदांच्या फोटोत सगळ्यात आधी तोच हलतो. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. रबरी पाय त्यावर कसे ठेवले तरी मिनिटाभरात दोन-तीन मिलिमीटर सरकतात, आणि ते तिथे कळत नाही, घरी मोठ्या पडद्यावर कळतं. दोन पायऱ्या वर, कोरड्या दगडावर या. पुलावरून फोटो घ्यायचा असेल तर ऊस हंगामात जरा जपून. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गेला की पूल नंतरही काही सेकंद थरथरत राहतो. तो लांब दिसला की शटर उघडायचंच नाही.

आता कॅमेऱ्याची तयारी, भरभर. फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये. लेन्सवरचं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद, कारण ट्रायपॉडवर काही यंत्रणा नसलेली थरथर शोधत बसतात आणि स्वतःच हलवतात. यूव्ही फिल्टर काढून खिशात. तो राहिला, तर प्रत्येक दिव्याचं उलटं हिरवट भूत फ्रेमच्या समोरच्या कोपऱ्यात येतं, आणि ते नंतर पुसणं म्हणजे तासभराची हमाली. हूड लावलेला. केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार), नसेल तर 2 सेकंदांचा टायमर. पडद्याची चमक सगळ्यात खाली आणायची. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला मागचा पडदा फार उजळ दिसतो, माणूस खूश होऊन घरी जातो आणि तिथे फोटो दोन स्टॉप काळा निघतो. विश्वास हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोत काळं डावीकडे आणि उजळ उजवीकडे किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर ठेवावा. तोही सगळाच उजवीकडे ढकलायच्या भानगडीत पडू नये. दिव्याचा गोळा जळणारच, त्याच्याभोवतीची भिंत जळता कामा नये.

फोकस उजेड असतानाच करून घ्यायचा. लाइव्ह व्ह्यूत दहापट मोठं करून शिखराच्या कळसावर किंवा लांबच्या दिव्याच्या कडेवर हातानं फोकस, मग ऑटोफोकस बंद आणि रिंगवर कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा. झूम असेल तर झूमच्या रिंगवरही. अंधारात हात चुकून लागतो, आणि पुढचे चाळीस फोटो किंचित मऊ येतात.

यानंतरची पंधरा मिनिटं या सगळ्या उद्योगाचा गाभा. सूर्यास्तानंतरच्या ज्या निळ्या उजेडाला सगळे ‘ब्लू अवर’ म्हणतात तो आपल्याकडे तासभराचा नाहीच. युरोपातल्या शिकवण्या बघून निवांत बसणाऱ्यांचा इथे घात होतो. वाई साधारण 18 अंश अक्षांशावर आहे. इथे सूर्य तिरका न जाता जवळजवळ उभा खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश चटकन संपतो. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास. सव्वासहाला आकाश अजून रस्त्यापेक्षा बरंच उजळ असतं, दिवे लागलेले असूनही लागल्यासारखे वाटत नाहीत. सहा वीस ते सहा पंचवीस या पाच मिनिटांत आकाश आणि दिव्याखालचा दगड एका पातळीवर येतात. आयएसओ 100, एफ/8, 8 ते 15 सेकंद. साडेसहाला आकाशातला निळा रंग कॅमेऱ्यालाही जेमतेम मिळतो, पावणेसातला ते काळं. या काळात दर तीनेक मिनिटांनी आकाश एक स्टॉप उतरतं, रस्ता मात्र तसाच राहतो. म्हणून एक्सपोजर दिव्यांसाठी ठरवायचं आणि ते न बदलता आकाश खाली येण्याची वाट बघायची. दर 40 सेकंदांना एक फोटो घेत राहायचं. त्यातला एकच खरा असतो. तो कुठला, हे घरीच कळतं.

इथे एक नेहमीचा घोळ होतो. कॅमेऱ्यात ‘लाँग एक्सपोजर नॉइझ रिडक्शन’ चालू राहिलेलं असतं. 15 सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी 15 सेकंद काळा फोटो घेतो आणि पहिल्यातून वजा करतो. अर्धा वेळ त्यातच गेला. या पाच मिनिटांत ते बंद. रात्री उशिरा, दोन-चार मिनिटांच्या फोटोंना चालू करावं, तेव्हा घाई नसते.

सात ते नऊ गाव दुकानांच्या उजेडात असतं. हा उजेड खांबांच्या उजेडापेक्षा चांगला, कारण तो डोक्यावरून न येता माणसाच्या उंचीवरून आडवा येतो आणि रस्त्यावर लांब सावल्या टाकतो. चालणारा माणूस 8 सेकंदांत नाहीसा होतो. पानपट्टीशी उभा राहून गप्पा मारणारा अर्धा उमटतो. पाय ठाम आणि डोकं धूसर, कारण माणूस बोलताना डोकंच हलवतो. माणूस नीट हवा असेल तर 1 सेकंदाच्या आत या, आयएसओ 800 करा. तो राहायला नकोच असेल, तर 30 सेकंदांकडे जा.

आणि गाड्या. गल्लीत समोरून मोटारसायकल आली की तिचा दिवा लेन्सवर थेट पडतो आणि 20 सेकंद जमवलेला फोटो दोन सेकंदांत पांढरा होतो. यावर उपाय एक काळा पुठ्ठा. कॅमेऱ्याचा नव्हे, लग्नपत्रिकेच्या जाडीचा साधाच, साधारण 15 बाय 20 सेंटिमीटर, आणि एका बाजूला काळा मखमली कागद चिकटवलेला. चकचकीत काळा कागद चालत नाही, तो मागून येणारा उजेड लेन्सकडे परततो. बल्ब मोड (आपण बंद करेपर्यंत शटर उघडं ठेवणारा) लावून शटर उघडायचं आणि मनात मोजायला सुरुवात करायची. अकरा म्हणताना कोपऱ्यावर दिवा दिसला की पुठ्ठा हूडच्या पुढे बोटभर अंतरावर धरायचा. हूडला टेकवायचा नाही, टेकला की ट्रायपॉड हलला. मोजणी अकरावर थांबवायची. गाडी मागे गेली, पुठ्ठा बाजूला, बारा, तेरा. पुठ्ठा हातात धरल्यावर किंचित वरखाली हलता ठेवावा, नाहीतर उचलताना त्याची कड एका जागी रेंगाळते आणि फोटोत पट्टा दिसतो. शटर उघडं राहिलेला एकूण वेळ दीड मिनिटाचा झाला तरी फोटो 20 सेकंदांचाच होतो. फक्त सेन्सरचा नॉइझ दीड मिनिटाचा येतो, आणि आयएसओ 100 ला तो सोसवतो. पाठमोऱ्या जाणाऱ्या गाडीला मात्र पुठ्ठा लावू नये. तिची लाल रेघ गल्लीचं वळण दाखवते.

सेटिंग शोधायला अंधारात मिनिटामिनिटाचे फोटो काढत बसू नये. आयएसओ 6400 करा आणि 1 सेकंदाचा फोटो घ्या. तो जसा दिसेल तसाच आयएसओ 100 वर 64 सेकंदांचा दिसणार. चाचणीतला सेकंद म्हणजे खऱ्या फोटोतलं मिनिट, हे डोक्यात बसलं की फ्रेम, आडवी पातळी, कडेला घुसलेली तार, सगळं चार-पाच सेकंदांत तपासून होतं. आयएसओ परत खाली आणायचं तेवढं विसरू नका. सगळेच एकदा विसरतात.

रंगाचं दुखणं निराळं. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळा. सोडियमचा दिवा साधारण 2000 केल्व्हिनचा, रस्त्यावरचे एलईडी 5700 ते 6500 च्या घरात. दोन्ही एका फ्रेममध्ये आले की एक बाजू हळदीची आणि दुसरी दवाखान्याची. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यानं आपणहून रंग जुळवणं) प्रत्येक फोटोत वेगळा निर्णय घेतो आणि पुढे जुळवाजुळव अशक्य करून ठेवतो. 3600 ला कायम करून ठेवावा, रॉमध्ये नंतर हलवता येतो. सोडियमच्या उजेडात मुळात पिवळ्याशिवाय फारसे रंगच नसतात, त्यामुळे त्याखालची हिरवी साडी कुठल्याही सॉफ्टवेअरला परत हिरवी करता येत नाही. अशा फोटोत पिवळा रंग थोडा उतरवायचा आणि तिथेच थांबायचं. माझं मत विचाराल तर जुन्या आळीला सोडियमच शोभतो. पांढऱ्या एलईडीनं वाड्याची लाकडी महिरप प्लायवुडसारखी दिसते. पण ते खांब आता कमीच होत जाणार.

अ‍ॅपर्चर एफ/8 ते एफ/11. दिव्याभोवती जे तारे फुटतात ते अ‍ॅपर्चरच्या पात्यांवरून ठरतात. पाती सम असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट. 8 पात्यांच्या लेन्सला 8, 9 पात्यांच्या लेन्सला 18. दहा खांबांच्या रस्त्यावर 18 किरणांचे दहा तारे म्हणजे फुलबाज्यांची माळ. तिथे एफ/5.6 वर यावं. ऑक्टोबरात आणखी एक भानगड असते ती दिव्याभोवतीच्या किड्यांची. लांब एक्सपोजरमध्ये प्रत्येक किडा पांढरी वेटोळी काढतो. ती पुसायची नसतील, तर उघड्या दिव्याऐवजी त्याचा उजेड पडलेली भिंत फ्रेममध्ये घ्यावी.

दहाच्या सुमारास पाण्याकडे वळावं. वारा पडतो आणि कृष्णेत घाटाचं प्रतिबिंब स्थिर होतं. संध्याकाळी पाण्यावर बारीक लहरी असतात. 30 सेकंदांत त्यांची सरासरी निघून पाणी दुधाळ होतं आणि दिव्यांचे उभे पट्टे पसरतात. आरशासारखं प्रतिबिंब हवं असेल तर लांब एक्सपोजर मदत करत नाही, मुळात पाणीच निवांत लागतं. पाण्यातला दिवा खऱ्या दिव्यापेक्षा एखाद-दोन स्टॉप अंधुक असतो, तेव्हा प्रतिबिंब हा फोटोचा विषय असेल तर वेळ दुप्पट करावी आणि वरचा घाट थोडा जळू द्यावा. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव असला की घाटावर मांडव आणि रोषणाई असते. तेव्हा घाटापेक्षा मांडवच दिसतो. तो फोटो वेगळा, चांगलाच, पण त्याला लांब एक्सपोजर लागत नाही.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्यांनाही तेच. ज्योत 1900 केल्व्हिनच्या आसपास आणि सतत हलती, 10 सेकंदांत तिचा नुसता गोळा होतो. आयएसओ 800, एफ/4, अर्धा ते एक सेकंद. पहिल्या अर्ध्या तासातच उरकावं, नंतर तेल संपून रांगांत दात पडायला लागतात.

चंद्र फ्रेममध्ये हवा असेल तर पौर्णिमेला जाऊ नका, आदल्या दिवशी जा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्तालाच उगवतो आणि डोंगर ओलांडून वर येईपर्यंत आकाश काळं झालेलं असतं. चतुर्दशीचा सुमारे पाऊण तास आधी आलेला असतो, आणि त्या सहा वीसच्या पाच मिनिटांत नेमका शिखराच्या उंचीला मिळू शकतो. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. 8 सेकंदांत ते दिसत नाही, 30 सेकंदांत अंड्यासारखा होतो.

चंद्राच्या उजेडात गाव घ्यायचं तर मात्र त्याला फ्रेमबाहेर ठेवावं आणि मेणवलीला जावं. वाईपासून तीनेक किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट आहे. तिथे 1739 च्या वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चंद्र चांगला वर आल्यावर एफ/4, आयएसओ 400 ला मिनिटभरात घाट दिवसासारखा उमटतो. इथेच चूक होते, तो खरोखर दिवसाचा वाटतो. एक स्टॉप कमी ठेवा. घंटेला आतून थोडा उजेड द्यायचा तर बॅटरीवर आकाशकंदिलाच्या नारिंगी जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर गुंडाळावेत आणि कॅमेऱ्याच्या बाजूनं कधीच मारू नये. कॅमेऱ्याला काटकोनात उभं राहून, बॅटरी सतत हलती ठेवून, 60 सेकंदांपैकी 6-7 सेकंदच. स्वतः गडद कपड्यात, आणि बॅटरीचं तोंड लेन्सकडे वळलं नाही म्हणजे आपण फोटोत येत नाही. जागा कुणाच्या अखत्यारीतली असेल तिथे आधी दिवसा विचारून ठेवावं, रात्री कुलूप हलवत बसू नये.

फिल्मवाल्यांसाठी एवढंच, की मीटर सांगतो तो वेळ पुरत नाही. इलफर्डच्या एचपी5 प्लस या कृष्णधवल फिल्मला कंपनीच 1.31 चा घातांक देते, म्हणजे मीटरच्या सेकंदांचा 1.31 वा घात काढायचा. मीटर 10 सेकंद म्हणाला तर 20, 30 म्हणाला तर 86. एफपी4 ला घातांक 1.26, म्हणजे 30 चे 73. हे आकडे कागदावर लिहून बॅगेत ठेवावेत, रात्री अकराला घातांक काढता येत नाहीत.

अकरानंतर दव धरतं. नदीकाठी, डिसेंबर-जानेवारीत, अर्ध्या तासात. आधी फोटोतले दिवे सुंदर धूसर दिसायला लागतात आणि आपल्याला वाटतं धुकं आलं. बॅटरी तिरपी मारून समोरची काच बघावी. रुमालानं पुसलं तर फराटे उमटतात आणि पुन्हा दव धरतं. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी लेन्सला गुंडाळणं हा खरा उपाय. ती नसेल तर दोन फोटोंच्या मधे लेन्सवर लोकरी टोपी घालून ठेवा. हूड असेल तर दव उशिरा धरतं.

वरून सगळं गाव हवं असेल तर पाचगणीच्या बाजूनं, गावापेक्षा सुमारे साडेपाचशे मीटर उंचावरून. 85 ते 135 मिलिमीटरची लेन्स, आणि दिवस ऑक्टोबरातला, पावसानं हवा धुऊन गेल्यानंतरचा. जानेवारीत शेकोट्या आणि पाचटाच्या धुरानं गाव खाली पिवळ्या तव्यासारखं दिसतं. खालून वर बघून पसरणी घाटातल्या गाड्यांच्या रेघा घ्यायच्या, तर एका फोटोत ते बसत नाही. ताशी 30 किलोमीटरनं चढणारी गाडी 30 सेकंदांत 250 मीटर जाते. पाच किलोमीटरचा रस्ता उजळायला 30 सेकंदांचे 20 फोटो सलग लागतात. ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून ‘लायटन’ मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक जागी सगळ्यात उजळ तेवढंच राहील असे, जोडायचे. केबल रिलीज कुलूपबंद, शटर कंटिन्युअसवर, आणि नॉइझ रिडक्शन पुन्हा एकदा तपासून बंद. चालू राहिलं तर रेघेऐवजी शिवणीचे टाके मिळतात.

ट्रायपॉड बघून लोक येतात. वाईत पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला, ‘‘साहेब, रस्ता रुंदीकरणाचा सर्व्हे आहे का?’’ तीन पायांवरचं यंत्र म्हटलं की घर किती फूट आत जाणार हीच काळजी. ‘‘नाही हो काका, देवळाचा फोटो घेतोय,’’ म्हणून मागच्या पडद्यावर एक फोटो दाखवला की काम होतं. मग तेच काका मागच्या मोटारसायकलवाल्याला थांबवतात. लोकांच्या उजळलेल्या खिडक्यांकडे मात्र लेन्स लावू नये. भिंत घ्यावी, खिडकी कोपऱ्यात राहिली तर राहिली.

घरी आल्यावर दोन फोटो जोडावेत का, हा वाद जुना आहे. सहा पंचवीसचं आकाश आणि साडेआठची दुकानं, ट्रायपॉड न हलवता घेतलेली, त्याच संध्याकाळची, याला माझी हरकत नाही. दुसऱ्या रात्रीचं आकाश चिकटवायला आहे. सावल्या फार उचलू नयेत. खांबाखालचा दगड दिसला आणि त्याच्या पलीकडे काही दिसलं नाही, तर तो दोष नाही, तिथे खरोखरच काही दिसत नव्हतं.